केमिस्ट्री पहिल्याच सेमिस्टरला घ्या
'भाचीने पहिल्या वर्षी जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) उरकावं, सायन्सचं पुढच्या वर्षी बघू' हा सल्ला कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून पुढे यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बदली घेऊ पाहणाऱ्या बायोलॉजीवाल्यांना महागात पडतो. घोडं अडतं ते केमिस्ट्रीपाशी. जनरल केमिस्ट्रीचं वर्ष झाल्याशिवाय ऑरगॅनिकला बसता येत नाही, आणि यूसीचे काही कॅम्पस बायोलॉजीच्या प्रवेशासाठी ऑरगॅनिकही मागतात. गणित कच्चं असेल तर आधीचा उन्हाळा त्यातच घालवू द्या (रडेल, पण चालेल). कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स यूसीत कुठे धरतात ते असिस्ट (assist.org) या साइटवर स्वतः बघा, कौन्सेलरच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. डेव्हिस, अर्वाइन धरून यूसीच्या सहा कॅम्पसमध्ये टॅग, म्हणजे हमीचा प्रवेश मिळतो. मेजरप्रमाणे अटी वेगळ्या, अर्ज सप्टेंबरात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो मात्र त्यात नाहीत.