'सेन्स ऑफ प्लेस'ला मराठीत काय म्हणाल?

अडलेली: १४ एप्रिल १९४४ च्या मुंबईच्या गोदीतल्या स्फोटावरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करतेय. फोर्ट स्टिकिन बोट, व्हिक्टोरिया डॉक, जवळजवळ १४०० टन दारूगोळा आणि त्याच बोटीत कापसाच्या गाठी, इथवर सरसर झालं. शेवटच्या पॅऱ्यात अडले. वस्ती जळाली, माणसं हलली तरी मांडवी-डोंगरीचा 'सेन्स ऑफ प्लेस' टिकला असं वाक्य आहे. 'स्थानभान' लिहिलं तर नवरा म्हणतो, चक्कर येऊन पडलेल्याला येतं ते का? सुचवा प्लीज.

पोथीवाले: स्थलप्रत्यय. संस्कृत आहे म्हणून लगेच नाक मुरडू नका.

वाशीचा_बाळ्या: प्रत्यय व्याकरणात ठेवा हो. आमचे आजोबा दाणाबंदरला एका गाळ्यावर दिवाणजी होते, स्फोटात हजारो टन धान्य जळालं, करपलेल्या तांदळाचा वास नाकातून जात नव्हता म्हणायचे, भात जरा खाली लागला तरी ताटावरून उठायचे. पुढे घाऊक बाजार खाडीपलीकडे वाशीला आला, इथे ना बोटी ना धक्का, तरी काका अजून फोनवर 'दाणाबंदरला आहे' असंच सांगतात. हेच ना तुमचं ते सेन्स? त्याला शब्द कशाला.

अडलेली: मान्य, पण संपादकांना शब्द लागतो.

खाडीपलीकडची: 'ठाव' घ्या की. गावचा ठाव सुटत नाही म्हणतो आपण.

पोथीवाले: ठाव 'स्थामन्'वरून आणि ठाण 'स्थान'वरून, सरमिसळ नको. शिवाय ठाव म्हणजे पाण्याचा तळसुद्धा.

खाडीपलीकडची: मग बंदराच्या लेखाला चांगलंच की!

डोंगरीकर: एक अवांतर. लेखात मशीद बंदर स्टेशन आलंय का? ती मशीद कोणती हे लिहिलंय का? आम्ही लहानपणापासून जकारिया मशीदच समजत आलो.

शनवारतेली: आमच्याकडे वेगळंच सांगतात. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, घरात मराठीच, आणि सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनागृहाला, आमची जुनी माणसं मशीदच म्हणायची. सॅम्युएल स्ट्रीटचं १७९६ चं शाअर हारहमीम दिवेकरांनी बांधलेलं, त्याला 'जुनी मशीद' म्हणतात, स्टेशनाचं नाव त्यावरूनच. आजी अलिबागकडची, शनिवारी 'मशिदीत जाऊन येते गं' म्हणून निघायची. शेजारच्या खाला हसायच्या, आमची शुक्रवारी, तुमची शनिवारी.

पोथीवाले: गोड आठवण आहे, पण आठवण म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. मस्जिद शब्द अरबी, सजदा करायची जागा ती. यहुदी प्रार्थनागृहाला तो लावणं म्हणजे शिथिल वापर.

शनवारतेली: शिथिल? दोनशे वर्षं वापरतोय. तुमच्या कोशात नसेल तर कोश अपुरा.

डोंगरीकर: +१. आणि स्टेशन नुसतं 'मशीद' आहे, बंदर लोकांनी चिकटवलंय.

वाशीचा_बाळ्या: चिकटवलंय काय, बंदर होतंच की तिथे! कर्नाक बंदर, लकडी बंदर, सगळी रांगच होती.

पोथीवाले: 'बंदर' फारसी, बरं का.

खाडीपलीकडची: झालं सुरू 🙏

अडलेली: लेख काल छापून आला. मी शेवटी 'ठाव' लिहिला होता, संपादकांनी काढून 'अस्मिता' केलं.

डोंगरीकर: अरेरे. पण मशिदीचं काय ठरलं?