धुराड्याची चूल, तरी घरात धूर

प्रश्न: दोन वैलांची (भांडी ठेवायच्या दोन जागांची) मातीची चूल, ३ इंची पत्र्याचं धुराडं. पहिला महिना बरा गेला, आता धूर चुलीच्या तोंडातूनच बाहेर येतो. घर कौलारू, जळण पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या काड्यांचं.

उत्तर १: आधी काजळी बघा. पऱ्हाटी ओली असेल तर ३ इंची नळी लवकर बुजते. चूल गार झाल्यावर काठीला चिंध्या बांधून वरून खाली झाडा, दर पंधरा दिवसांनी. पडलेली काजळी मागच्या वैलामागून काढायला विसरू नका. बहुतेक वेळा बोळा तिथेच असतो. आणि धुराडं आढ्याच्या वर किमान दोन-तीन फूट हवं. कमी असेल तर कौलांवरून वळलेला वारा धूर परत आत ढकलतो.

उत्तर २: भांडं वैलावर घट्ट बसतं का? फट राहिली की धूर तिथून सुटतो आणि धुराड्याची ओढही कमी होते. मागचा वैल रिकामा असेल तर झाकण ठेवा, किंवा आंघोळीचं पाणी चढवा, त्यावर भाकरी होत नाही. तोंडात सरपण कोंबू नका. अंगठ्याएवढ्या तीन-चार काड्या, खालून वारा मोकळा. राख रोज काढा.

उत्तर १: एक राहिलं. धुराडं जिथून छप्पर ओलांडतं, तिथे लाकडी रीप नळीला टेकू देऊ नका.

प्रश्न विचारणारा: सिमेंटची जुनी नळी पडून आहे, कापून जोडू?

उत्तर २: नको. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, कापताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक. पत्राच वाढवा.