बोललेलं ऐकू येतं पण कळत नाही, हे प्रेस शॉपच्या नोकरीमुळे होतं का?

फॉलपिको_सिडको

नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते, पवननगरच्या बाजूला. घरीच साड्यांना फॉल-पिको करते. प्रश्न माझ्या मिस्टरांबद्दल आहे. जरा लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

ह्यांचं वय ४६. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत २१ वर्षं प्रेस शॉपला आहेत. मोठ्या प्रेस मशीनवर पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट बनतात तिथे. हेल्पर म्हणून लागले, मग ऑपरेटर झाले, आता डाय सेटर आहेत, म्हणजे प्रेसवर साचे बसवतात. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, फर्स्ट, सेकंड, थर्ड. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस गल्लीत सगळ्यात बोलका होता. गणपतीची वर्गणी हेच गोळा करायचे, एकादशीच्या भजनाला टाळ घेऊन पुढे बसायचे.

गेली तीन-चार वर्षं घरात बोलणंच राहिलं नाही. मी काही सांगितलं की "बरं" म्हणतात आणि ते काम होत नाही. विचारलं तर म्हणतात, "तू सांगितलंच नाहीस." धाकटी सातवीत आहे, तिचा आवाज बारीक. ती शाळेतलं काही सांगायला गेली की दोनदा "काय?" म्हणतात आणि तिसऱ्यांदा तिच्यावर ओरडतात. तिने आता सांगणंच सोडून दिलंय. इंदिरानगरला माझ्या भावाची वास्तुशांत होती. पंगतीत सगळे हसत-बोलत होते, हे मान खाली घालून जेवले आणि बाहेर मोटारसायकलवर जाऊन बसले. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, दाजींना आमचं काही लागलं का? मला काय सांगावं ते कळेना. माझ्या मनात आलं, आमच्यावरचं ह्यांचं मन उडालं. वर्षभर मी ह्याच दुःखात होते आणि मीही बोलणं तोडलं.

झोपेचं वेगळंच. थर्ड शिफ्टला सकाळी साडेसातला घरी येतात, नऊला आडवे होतात आणि बाराला उठून बसतात. खाली भाजीवाल्याच्या गाडीवरची रेकॉर्ड चालू असते, शेजारी नळाला पाणी आलेलं असतं. ॲसिडिटीची गोळी रोज लागते. मार्चमध्ये शुगर तपासली, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.२ आलं. डॉक्टर म्हणाले काठावर आहे, सांभाळा.

आता परवाची गोष्ट, जिच्यामुळे मी आज लिहायला बसले. रात्री अकराला सगळं सामसूम होतं. हे उठून स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "गॅस लीक होतोय, सूंऽऽ आवाज येतोय." मी घाबरून रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या, साबणाचं पाणी लावून पाहिलं. काहीच नव्हतं. मला किंवा मुलींना कुणालाच आवाज येत नव्हता. मग हे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग तो माझ्या कानातच आहे. रोज असतो, आज जास्त आहे." किती दिवस आहे विचारलं तर म्हणाले, तीन वर्षं झाली असतील. तीन वर्षं, आणि घरात कुणाला माहीत नाही.

हे नोकरीमुळेच आहे का? कुठली तपासणी करायची? कागदावर बहिरेपण लिहून आलं तर कंपनी काढून टाकेल, अशी ह्यांना भीती आहे, म्हणून ते डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. पगार २० हजारांच्या थोडा वर आहे, ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जातो. कुणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया सांगा.

टूलरूमवाले_काका

ताई, तुमचं लिहिलेलं माझ्या बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे तर आपल्याच घरचं आहे. मी सातपूरला ३३ वर्षं काढली, त्यातली पहिली १४ प्रेस शॉपला. आज वय ६६, दोन्ही कानांना मशीन आहे.

तुम्ही शीर्षकात जे लिहिलंय तीच ह्या दुखण्याची खूण. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, धडाक्याने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. म्हणजे आ, ओ, ऊ मोठे ऐकू येतात, पण स, श, फ, थ निसटतात. मला 'साठ' आणि 'आठ' एकच ऐकू यायचं. रिक्षावाल्याशी ह्यावरून भांडण झालंय. साहेबाचा जाड आवाज समजतो, बाईमाणसाचा आणि लेकरांचा बारीक आवाज समजत नाही. म्हणून घरच्यांना वाटतं, बाहेर बरं ऐकू येतं, घरीच मुद्दाम करतो. आणि पंगतीत, लग्नात दहा जण एकदम बोलतात तिथे तर काहीच लागत नाही. दर वेळी "काय? काय?" विचारायची लाज वाटते. मग माणूस "हो हो" म्हणायला शिकतो, आणि पुढे जायचंच टाळतो. मन उडालेलं नाही ताई. त्यांना तुमचा शब्द लागत नाही.

कानातली ती शिट्टीही त्यातलीच. दिवसा गोंगाटात दबते, रात्री सामसुमीत वर येते.

आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ८५ च्या पुढेच कानाला धोका सुरू होतो. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ ओलांडलंय असं समजा. आम्ही तर ओरडतही नव्हतो, खुणा करायचो. डाय खाली घे, शीट संपली, चहाला चल, सगळं हातांनी. कानात कापूस घालायचो, त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

आता कामाचं. कान-नाक-घसा डॉक्टरकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कामावरून थेट जाऊ नका, सुट्टीच्या दिवशी जा. आवाजातून आल्यावर कान काही तास सुन्न असतात आणि तपासणी खोटी येते. मध्ये निदान १६ तास शांत गेले पाहिजेत. कागदावरच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, जागी खड्डा दिसला तर तो आवाजाचा.

भीतीचं म्हणाल, तर १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य, म्हणजे कामामुळे होणाऱ्या, रोगांची यादी होती. आवाजाने येणारा बहिरेपणा त्यात होता, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आली आहे. मेडिकल बोर्ड नुकसान किती टक्के ते ठरवतं आणि कायमचं नुकसान असेल तर त्या प्रमाणात दरमहा पैसे मिळतात, नोकरी चालू असली तरी. मला हे रिटायर झाल्यावर कळलं. तुमच्या मिस्टरांच्या हातात अजून वेळ आहे.

आणि इअर प्लग. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत घालून अर्धा मिनिट बोट लावून ठेवायचं, तो आत फुगतो. बाहेर लोंबकळत असेल तर घातला न घातला सारखाच.

अंबडकर_७६

सगळेच शिफ्ट करतात, सगळ्यांचेच कान गेलेत. ४६ व्या वर्षी दुसरीकडे कोण घेणार? कागद केला की सुपरवायझरच्या डोळ्यावर येतील, आणि त्या जागेवर कंत्राटी पोरगा उभा करायला एक दिवस लागतो. मुलींची शिक्षणं बघा. प्लग घाला आणि गप काढा उरलेली वर्षं.

फॉलपिको_सिडको

दादा, तुम्ही वाईट हेतूने लिहिलं नाही हे समजते, कारण ह्यांचंही हेच म्हणणं आहे. पण गप काढूनच तर इथवर आलो. माझी मुलगी वडिलांशी बोलायची थांबली आहे. त्याची भरपाई कुठल्या पगारातून करू?

काका, तुमचं वाचून मी रात्री झोपले नाही. बोलणं तोडायच्या आधी मी मशीनवर बसून, पाठमोरी, ह्यांच्याशी बोलत होते. मशीनची घरघर आणि माझा बारीक आवाज. ह्यांना एक शब्द लागला नसेल.

नाईट_सिस्टर

ताई, मी स्टाफ नर्स आहे, १७ वर्षं रोटेशन करतेय. कानाचं काकांनी सांगितलंच, मी झोपेचं सांगते, कारण चिडचिड फक्त कानाने होत नाही.

शरीराचं स्वतःचं एक घड्याळ असतं. ते पेशीत कसं चालतं ह्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. दर आठवड्याला शिफ्ट फिरली की हे घड्याळ जुळायला लागतं तोवर पुन्हा मोडतं. रात्री तीनला खाल्लेलं अन्न शरीर दिवसासारखं पचवत नाही, साखर वर राहते. ऊठसूट ॲसिडिटी आणि काठावरची शुगर ह्यात रात्रपाळीचाही वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तर रात्रपाळीला २००७ मध्येच 'कर्करोगाला बहुधा कारणीभूत' अशा गटात टाकलंय. घाबरवायला सांगत नाही. झोपेला औषधाइतकंच महत्त्व द्या, म्हणून सांगतेय.

मी स्वतः काय करते ते लिहिते. ड्युटीवरून येताना गडद गॉगल, कारण सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की झोप उडते. आल्यावर थोडंसं खाऊन लगेच झोपायचं, नऊपर्यंत थांबायचं नाही. खिडकीला जाड काळा पडदा. रात्री दोननंतर चहा बंद, त्याचा अंमल पाच-सहा तास राहतो. डबा रात्री अकरापर्यंत संपवायचा, मध्यरात्रीनंतर फार तर मूठभर शेंगदाणे-फुटाणे. दुपारी अर्धीच झोप झाली तर संध्याकाळी आणखी दीड तास. आणि तुमची पिकोची मशीन त्या आठवड्यात दुपारनंतर, हे जमेल का बघा. त्यात तुमचं उत्पन्न आहे हे मला कळतंय.

फर्स्ट, सेकंड, थर्ड असा क्रम शरीराला त्यातल्या त्यात बरा. काही ठिकाणी उलटा फिरवतात, तो फार जड जातो.

अजून एक. बोलणं बंद, एकटं बसणं, झोप नाही, हे महिनोन्‌महिने चाललं तर मनावरही उपचार लागू शकतात. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मिस्टरांना फोनवर बोलणं जड जात असेल तर आधी तुम्ही बोला.

बागाईतदार_निफाड

मी शेतकरी आहे, पण हा धागा सोडून जाता येईना. द्राक्षाच्या छाटणीनंतर ट्रॅक्टरच्या ब्लोअरवर डाऊनी रोगाच्या फवारण्या एकापाठोपाठ एक असतात. मागे पंखा किंचाळतो, पुढे इंजिन. जानेवारीत थंडी उतरली की रात्री बागेत शेकोट्या, आणि लाईट रात्रीची असली की पाणीही रात्रीच. माल तयार असताना अवकाळी आला तर मणी तडकतो, त्या आठवड्यात झोप कुणाला लागते? आमच्या कानाला ना कायदा ना ईएसआय. काकांचं वाचून आजच पिंपळगावहून मफ आणले, हेडफोनसारखे असतात ते. दोन घेतले, एक गड्याला. त्याच्याकडे आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं.

फॉलपिको_सिडको

बारा दिवसांनी लिहितेय.

काकांचं वाचून आधी एकच केलं. मशीन बंद, नळ बंद, टीव्ही बंद, आणि ह्यांच्या समोर बसून तोंड दिसेल असं सावकाश बोलले. मी फक्त विचारलं, "कानात आवाज येतो तेव्हा काय वाटतं?" हे तासभर बोलले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा इतकं. कोविडच्या आधी ह्यांच्या शेजारच्या प्रेसवर एका कंत्राटी मुलाची दोन बोटं गेली होती. टार्गेटसाठी दोन हातांनी दाबायची बटणं कुणीतरी एका हातावर करून ठेवली होती. तो ओरडला, आणि हे चार फुटांवर असून ह्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्या बाजूचा माणूस धावला तेव्हा कळलं. "ऐकू आलं असतं तर मी आधी मशीन बंद केली असती," म्हणाले. मला हे माहीतच नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, बोटं तर पहिल्याच क्षणाला गेली होती, तुम्ही काय करणार होता? काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री झोपले.

मग सुट्टीच्या दिवशी शालिमारजवळ ऑडिओमेट्री केली. दोन्ही कानांना ४००० च्या जागी खड्डा आहे, ६० डेसिबलपर्यंत. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, हे आवाजाचं आहे, परत येणार नाही, पण इथेच थांबवता येतं. कानाची मशीन ट्रायलला लावून पाहिली. धाकटी सोबत होती. बाई म्हणाल्या, बाळ, बाबांशी काहीतरी बोल. ती म्हणाली, "बाबा, माझ्या शाळेत शनिवारी संमेलन आहे." ह्यांनी विचारलं, "किती वाजता?"

शनिवारी हे सेकंड शिफ्टला होते, त्यांनी बदली घेतली.

नोकरी सोडायचं सध्या ठरवलेलं नाही. प्रेसपासून दूर, डिस्पॅच किंवा इन्स्पेक्शनला बदली मागणारा अर्ज मी लिहून दिलाय. ह्यांनी अजून दिलेला नाही, खिशात घेऊन जातात आणि परत आणतात. मी जोर करत नाही. पडदा घेतला, गॉगल घेतला. शुगर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार.

मंगळवारी फर्स्ट शिफ्ट आहे, सुटल्यावर आम्ही दोघं ईएसआयच्या दवाखान्यात जाणार. काका, ऑडिओमेट्रीचा कागद, आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) आणि २१ वर्षांच्या नोकरीचा दाखला एवढं पुरेल का? दाखला एचआरकडून मागायचा तर कारण काय लिहायचं? सोमवारपर्यंत सांगितलंत तर झेरॉक्स काढून ठेवते.