रिकंबंट सायकल घ्यायची आहे, पण दोघांच्या उंचीत ३० सेंमीचा फरक! मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईचे गुडघे आणि बाबांची कंबर, दोन्हींसाठी मिळून एकच रिकंबंट सायकल घ्यायचं चाललंय. पाठीला टेका आणि पेडल पुढे असतात, ती व्यायामाची, जागेवरच चालवायची सायकल. साधी एक्सरसाइज बाइक आईने करून पाहिली. तिच्यावर पाय टाकून चढायचं म्हटलं की तिला धडकी भरते, आणि त्या चिंचोळ्या सीटवर दहा मिनिटंही बसवत नाही. फिजिओने सायकलला हो म्हटलंय, भार हलका ठेवायच्या अटीवर.

घोडं अडलंय ते उंचीवर. आई १४८ सेंमी, बाबा १७८. परवा एक मॉडेल पाहिलं. सीट पार पुढे सरकवली तरी आईचा पाय ताठ होत होता आणि पेडल गाठायला ती कमरेतून डुलत होती. विक्रेता म्हणे, "होईल सवय." कसली सवय! माहितीपत्रकात कमाल वजन ठळक छापलेलं, किमान उंचीचा मात्र पत्ता नाही.

घडीच्या सायकलीही टेका लावून रिकंबंट म्हणून विकतात. त्या चालतील का? आणि रेझिस्टन्सच्या, म्हणजे पेडल किती जड फिरेल त्याच्या, ८ लेव्हल पुरतात की ३२ हव्यात?

प्रतिसाद १

लेव्हल मोजत बसू नका, आई पहिल्या दोन-तीनच वापरणार. सर्वांत खालची लेव्हल खरंच हलकी आहे ना, ते तिलाच चालवून पाहू दे. चुंबकाने रेझिस्टन्स देणारी, म्हणजे मॅग्नेटिक घ्या. त्यात चुंबक चाकाला टेकत नाही, त्यामुळे झिजायला पॅड नाही आणि आवाजही कमी.

उंचीपेक्षा पायाची लांबी महत्त्वाची. टाच पेडलवर ठेवून पाय लांब केला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की थोडा वाक आपोआप राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. सीट फार जवळ घेतली तर गुडघा जास्त दुमडतो. दुखऱ्या गुडघ्याला तेही नको.

घडीच्या बहुतेक सायकलींत पेडल सीटच्या बरेच खाली असतात, आणि सीट हलवायला उतरून पिन काढावी लागते. दोघं आलटून पालटून वापरणार असाल तर रोजची कटकट. बसल्या बसल्या खटका ओढून रुळावर सरकणारी सीटच बघा.

प्रतिसाद २

बाबांचंही बघा हो. टेका आहे म्हणून प्रत्येक कंबरेला मानवतेच असं नाही. काहींना बसूनच जास्त दुखतं. पाच मिनिटांत सगळ्याच सीट मऊ वाटतात, वीस मिनिटं चालवू द्या.

धागाकर्ता

टाचेची युक्ती झकास! रविवारी दोघांना घेऊन जातो, आईला तिचे नेहमीचे बूट घालूनच. क्रँक (पेडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा) आखूड असलेलं मॉडेल कुणी वापरलंय का?