यादीत नाव आहे, पण अतिवृष्टीचं अनुदान जमा नाही. काय करावं?

कपाशीवाला, पाचोरा तालुका
राम राम मंडळी. सप्टेंबर २०२५ च्या पावसात आमच्या कपाशीत चार दिवस पाणी उभं होतं, खालची बोंडं पार काळी पडली. पंचनामा झाला, वडिलांचं नाव यादीत आलं. गावात बहुतेकांचे पैसे आले, आमचेच नाहीत. तलाठी आप्पा म्हणतात केवायसी करा. सेवा केंद्रात वडिलांचा अंगठाच उमटत नाही, आयुष्यभर निंदणी-वेचणी करून रेषा झिजल्यात. आणखी एक, शेताचा दुसरा गट काकांसोबत सामाईक आहे आणि काका सुरतला असतात. आधी काय करू?

गिरणाकाठ
भाऊ, आधी यादीत वडिलांच्या नावासमोरचा ‘विशिष्ट क्रमांक’ लिहून घ्या. पुढची सगळी चौकशी त्याच्यावर चालते, नुसत्या नावावर तहसीलमध्ये कोणी शोधून देत नाही. अंगठा लागत नसेल तर आधारला मोबाईल जोडलाय का ते बघा, म्हणजे ओटीपीचा मार्ग राहतो. आणि ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे सरकारी शेतकरी नोंदणीचा, शेतकरी क्रमांक काढलाय का? तो मंजूर असणाऱ्यांना या वेळी ई-केवायसीतून सूट दिली होती. तसं असेल तर अडचण बँकेकडे आहे.

केळीबाग, रावेर
बँकेचंच सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही खात्याची दिली तरी डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच पडतो. कधीकाळी काढलेलं जनधन खातं जोडलेलं असलं तर पैसे तिकडे जाऊन बसतात, किंवा खातं बंद असलं तर परत जातात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ बघा, कोणती बँक आहे ते लगेच कळतं. आमच्या शेजारच्या आजींचे पैसे असेच दुसऱ्या बँकेत सापडले.

कपाशीवाला, पाचोरा तालुका
शेतकरी क्रमांक काढलेला आहे दादा. जुनं जनधन खातंही आहे, उद्याच बघतो. रक्कम किती यायला हवी?

गिरणाकाठ
३३ टक्के किंवा जास्त नुकसान धरलं असेल तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००. मर्यादा या वेळी तीन हेक्टर. पंचनाम्यात क्षेत्र किती आणि जिरायत की बागायत लिहिलंय, ते नीट वाचा. ठिबकवरची कपाशी जिरायत लिहिली गेली तर रक्कम निम्मी होते. रब्बीच्या बियाण्यासाठीचे हेक्टरी १०,००० वेगळे, ते सरकारने ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या मदत पॅकेजमधले. पीकविमा आणखी वेगळा, त्याची यादी इथं शोधू नका.

ताई, अमळनेर
सामाईक गटाचं: एकाच्या नावावर रक्कम घ्यायची तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र लागतं. काका दिवाळीला किंवा लग्नकार्याला गावी आले की सही घेऊन ठेवा. वडिलांना घेऊन जाताना बठ्ठा कागद संगे ठेवा: सातबारा, आठ-अ, आधार, दोन्ही पासबुकं. म्हाताऱ्या माणसाला एका कागदासाठी परत पाठवतात तेव्हा फार वाईट वाटतं.

केळीबाग, रावेर
एक राहिलंच. खात्यावर पीककर्ज थकलं असेल आणि बँकेनं अनुदानाला होल्ड लावला, तर गप्प बसू नका. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नये, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्याची प्रत लावून शाखेत लेखी अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.