चर्चा : पाठ्यपुस्तकांप्रमाणे लॅपटॉपही शैक्षणिक जिल्ह्यानेच द्यावा का?

मूळ लेखन : मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

शालेय कारभारासाठी बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत. सरकारी शाळेतल्या मुलांना पाठ्यपुस्तके, गणवेश, बूट आणि दूध शासन देते, आणि तो मुलांचा हक्क आहे असेच आपण मानतो. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला याच रीतीने, शाळेच्या मालकीचा आणि दहावीनंतर परत करायचा लॅपटॉप मिळावा, असे माझे मत आहे. मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये अठरा वर्षे विज्ञान शिकवल्यावर ते बनले आहे.

अमेरिकेत शाळा चालवणारी स्थानिक मंडळे, ज्यांना तिकडे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात, विद्यार्थ्यांना संगणक वापरायला देतात. तिथल्या मेन राज्याने २००२ मध्ये सातवीच्या आणि पुढच्या वर्षी आठवीच्या सरसकट सर्व विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडेही लक्ष दिले. आपल्या शेजारच्या तमिळनाडूने २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना ते कायमचेच देऊन टाकले.

कोविडच्या काळात माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर उद्यमबागेतल्या कारखान्यात जायचा. वडील दुसऱ्या पाळीहून परतले की रात्री साडेअकराला ती मी पाठवलेले फळ्याचे फोटो उघडायची, दोन बोटांनी अक्षर मोठे करून एकेक ओळ वहीत उतरवायची आणि समीकरणातला खालचा अंक दिसला नाही की तिथे रिकामी चौकट काढून ठेवायची. शाळा उघडल्यावर त्या वहीत मला चाळीसच्या वर चौकटी मोजता आल्या.

सीमाभागातल्या मुलांची आणखी एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आपला अभ्यासक्रम कर्नाटकाचा आणि माध्यम मराठी. कोल्हापूरहून येणारी मार्गदर्शके महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची असतात, बेळगावच्या दुकानातली बहुतेक कन्नड किंवा इंग्रजीतली. एवढ्या थोड्या मुलांसाठी पुस्तक काढणे प्रकाशकाला परवडत नाही, हे मी समजू शकते. मात्र आपल्या शिक्षकांनी तयार केलेली टिपणे आणि सरावपत्रिका छपाईच्या खर्चाविना निपाणीपासून कणकुंबीपर्यंतच्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचू शकतात, पण त्यासाठी त्या मुलाच्या हातात वाचण्याजोगा पडदा हवा.

प्रतिसाद : निपाणीकर

बाईंची तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पेरू देशाने ८ लाखांहून अधिक लॅपटॉप विद्यार्थ्यांसाठी घेतले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या मूल्यमापनात, लॅपटॉप मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गणितात आणि भाषेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. यंत्र पोहोचले, पण ते घेऊन वर्गात काय करायचे हे शिक्षकाला कोणी पुरेसे सांगितले नव्हते.

आपल्याकडे तर शिक्षकापासूनच सुरुवात आहे. माझा मुलगा ज्या मराठी शाळेत होता तिथे दोन वर्षे गणिताला कायमचा शिक्षक नव्हता. अतिथी शिक्षक यायचे, त्यांचे मानधन थकायचे, ते दुसरीकडे जायचे, आणि नवा माणूस येईपर्यंत तो तास मुले पटांगणात काढायची. शैक्षणिक जिल्ह्याच्या हाती पैसा मोजकाच असतो. तो यंत्रात घातला की 'मुलांना सगळे काही दिले आहे' असे म्हणायची सोय होते आणि रिक्त जागेचा अर्ज आणखी एक वर्ष मागे पडतो, ही माझी खरी भीती आहे. राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास राज्याला सांगितले आहे, आणि माझ्या समजुतीने सोय म्हणजे सर्वांत आधी मराठीतून शिकवणारा माणूस.

शाळेच्या मालकीचे यंत्र घरात येण्याला दुसरी बाजूही आहे. पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन या स्कूल डिस्ट्रिक्टने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मुलांची त्यांच्या घरातली छायाचित्रे घेतली गेल्याचे २०१० मध्ये उघड झाले, आणि ते प्रकरण ६,१०,००० डॉलर देऊन मिटवावे लागले. आपल्या मुलींच्या बाबतीत अशी शक्यता कोण तपासणार, याचे उत्तर योजनेच्या पहिल्या पानावर असले पाहिजे.

प्रतिसाद : जांबोटी घाट

आमच्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस अखंड असतो. झाडाची फांदी तारेवर पडली की दोन-तीन दिवस वीज येत नाही, आणि मोबाईलचा सिग्नल पाहायला टेकडीवर जावे लागते. भिंतीला लावलेल्या दप्तरालासुद्धा बुरशी येते. लॅपटॉप द्यायचाच असेल तर धडे आधीच भरून द्यावेत आणि शाळेत सौर चार्जिंगची व्यवस्था करावी, नाहीतर तो पावसाळ्यात पिशवीतच राहील.

प्रतिसाद : टिळकवाडी

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि तालुक्यातल्या अनेक शाळांत गेलो आहे. एका शाळेत पाच संगणक कपाटात होते. त्यांवर जुन्या साडीची शिवलेली आवरणे अगदी नीट घातली होती, बाजूला माध्यान्ह आहाराच्या तांदळाची पोती होती, आणि संगणक बंद का, तर यूपीएसची बॅटरी संपली होती. बॅटरीसाठी कोणत्या खात्यातून खर्च टाकायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून पाचही यंत्रे दोन वर्षे झाकलेली राहिली.

त्यामुळे मी बाईंच्या बाजूचा आहे, पण खरेदीइतकेच देखभालीचे पैसे मंजूर झाल्याशिवाय नाही. केरळने लॅपटॉप मुलांच्या नव्हे तर शाळांच्या ताब्यात दिले, मुक्त सॉफ्टवेअर वापरले, आणि २०१८ मध्ये लिटल काइट्स नावाची विद्यार्थी मंडळे सुरू करून मुलांनाच संगणकाची कामे शिकवली. आपल्या नववीच्या मुलांना पंधरा दिवसांत बॅटरी आणि कीबोर्ड बदलता येईल, हे मी खात्रीने सांगतो. मराठी कळफलकाचा तक्ताही मी विनामूल्य छापून देईन, कारण स्टिकर लावले तर ते सहा महिन्यांत झिजतात आणि पहिल्यांदा जाते ते काना आणि वेलांटीचे.

मलप्रभाकाठ यांचे उत्तर

निपाणीकर, शिक्षकाची जागा लॅपटॉपने भरावी असे मी म्हटलेले नाही, परंतु तसे घडू शकते हा आपला इशारा मी गंभीरपणे घेते. मागणीपत्रात रिक्त पदे भरण्याची अट पहिली लिहावी, आणि ती पूर्ण झाल्याखेरीज त्या शाळेत यंत्रे पाठवू नयेत, इथपर्यंत मी यायला तयार आहे. कॅमेऱ्यावर झाकण आणि दुरून चालू करण्याची सोय बंद, हेही लेखी हवे. सरसकट वाटपाऐवजी आधी दहावीच्या मुलांना घरी आणि आठवी-नववीला शाळेतच, हा बदलही मी स्वीकारते.

मुलाला घरी काहीच देऊ नये, हे मात्र मी मान्य करणार नाही. ती चौकटींची वही मी अजून जपून ठेवली आहे.

टिळकवाडीचे बंधू, आमच्या एसडीएमसीची (शाळा विकास व देखरेख समितीची) बैठक येत्या शनिवारी आहे. आमच्याही कपाटात तीन संगणक आहेत. आपण सकाळी दहाला आलात तर बैठकीपूर्वी ते उघडून पाहू, आणि बॅटरीच्या खर्चाचा ठराव त्याच दिवशी मांडू.