जर्मनीत नवीन असताना दोघांनी केलेल्या वीकेंडच्या भटकंत्या: आपापले अनुभव लिहा

आम्ही डॉर्टमुंडला आलो ते ऐन थंडीत. नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत, टीममधे निम्मे आपलेच, त्यामुळे त्याची गाडी लगेच रुळावर आली. माझं म्हणजे सकाळी जर्मनचा क्लास, दुपारी पत्रपेटीतली पाकिटं फोडून भाषांतरासाठी एकेका ओळीवर मोबाईल धरणं आणि संध्याकाळी त्याची वाट बघणं. शनिवार वाणसामानात जायचा. रविवारी दुकानं बंद, ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या मोठ्या डब्यात टाकायच्या नाहीत (आवाज होतो म्हणून!), मग उरतं काय तर भारतात व्हिडिओ कॉल आणि "आज काय केलंस गं जेवायला".

शेवटी दोघांची डॉइचलांड-टिकेटं काढली. २०२३ च्या मेमधे सुरू झालं तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं, २०२६ पासून ६३. महाग होत चाललंय खरं, पण महिनाभर अख्ख्या देशातल्या बस, ट्राम, एस-बान, रिजनल गाड्या त्यात बसतात. आयसीई, आयसी ह्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाही चालत.

पहिली फेरी कोलोन. स्टेशनातून बाहेर पडलं की मान वर करायची, कॅथेड्रल अंगावरच येतं. १२४८ ला पाया घातला आणि पूर्ण झालं १८८० ला, मधे काही शतकं काम बंदच होतं. दक्षिणेकडच्या मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि चढणारे-उतरणारे एकाच अरुंद गोल जिन्यात, म्हणजे समोरून कोणी आलं की भिंतीला पाठ चिकटवून उभं राहायचं. तिथे एक आजोबा दम लागून बसले होते, मी त्यांच्याशी बोलले, पाणी हवंय का विचारलं, ते म्हणाले गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मुलगी वर गेलीय, मग मी वर जाऊन त्यांच्या मुलीला शोधून निरोप दिला. सगळं जर्मनमधे, तुटकं का होईना. नवरा मागे उभा राहून बघत होता. आठवडाभर मी घरी काय करते हे त्याला त्या जिन्यात कळलं. तोवर त्याला वाटायचं क्लास म्हणजे माझा टाइमपास.

तर लिहा. हॉटेलच्या लिंका आणि 'टॉप टेन' नकोत, ते कुठेही मिळतं. कोणाच्या हौशीने गेलात, तिथे कोण बोललं, कोण रुसलं, ते सांगा.

*

आमच्याकडे उलटं आहे. बायको गटिंगनला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आणि मी तिच्या मागून आलेला. जोडीदाराच्या परमिटवर इथे नोकरी करता येते, प्रश्न तो नाहीये, प्रश्न नोकरी मिळायचा आहे. "तू काय करतोस?" ह्या प्रश्नाला पहिल्या वर्षी मी एवढ्या तऱ्हेची उत्तरं दिली की मलाच पाठ झाली.

ब्रेमेनला गेलो. ग्रिमच्या गोष्टीतले गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा एकावर एक उभे आहेत तो पुतळा टाऊन हॉलच्या बाजूला आहे, १९५३ चा, लोक गाढवाचे पुढचे पाय धरून इच्छा मागतात. तिथले लोक म्हणतात दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरायचे, एका हाताने धरलं तर ते एका गाढवाने दुसऱ्या गाढवाशी केलेलं शेकहँड. पाय चकचकीत झालेत लोकांनी धरून धरून. मी नोकरी मागितली. बायको म्हणे मी सांगणार नाही.

पण खरी मजा पुढे. समोरच्या चौकात जमिनीत एक झाकण आहे, त्यात नाणं टाकलं की खालून आवाज येतो, कधी गाढव, कधी कोंबडा. पैसे दानाला जातात. बायकोचा तो आठवडा फार वाईट गेला होता, शोधनिबंध नाकारून परत आला होता, गाडीत एक अक्षर बोलली नव्हती. पहिल्या नाण्याला कुत्रा भुंकला. मग तिने माझं पाकीट घेतलं आणि चारही प्राणी बोलल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. कोंबडा काही केल्या ओरडेना, मागे शाळेच्या पोरांची रांग लागली, शेवटी त्यातल्याच एका पोराच्या नाण्याला ओरडला आणि ही तिथे खाली बसून हसत सुटली.

नोकरी नंतर लागली, गाढवाचा संबंध नाही.

*

हँबुर्गबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही अजून? लांडुंग्सब्रुकेनच्या धक्क्यावरून ६२ नंबरची फेरीबोट पकडा, ती बससारखीच शहराच्या तिकिटात धरतात, वेगळे पैसे नाहीत. पर्यटकांच्या बोटी शेजारीच उभ्या असतात, त्यांचे दर बघून ६२ मधे बसायचं समाधान आणखी वाढतं. वरच्या डेकवर वारा एवढा की माझी ओढणी गेली ती गेलीच. जुना एल्ब बोगदा पण बघाच, १९११ चा, ४२६ मीटर, नदीच्या खालून पायी चालत पलीकडे जायचं आणि तिथून अख्खं शहर दिसतं.

रविवारी पहाटे फिशमार्केट. उन्हाळ्यात पाचला सुरू होतं आणि साडेनऊला संपतं. नवरा शुद्ध शाकाहारी, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण तिथे फळवाले पण असतात, ट्रकवर उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडतात आणि टोपलीत अननस, केळी, आंबे भरतच राहतात. एरवी सोमवार ते शुक्रवार शेजारी जिन्यात 'मॉर्गन' (गुड मॉर्निंग) ह्याच्यापुढे बोलत नाहीत, त्या देशात हा आरडाओरडा ऐकून नवऱ्याला एवढं भरून आलं की त्याने टोपली घेतली. ती टोपली मांडीवर घेऊन हानोव्हरपर्यंत. डब्यातल्या एका बाईंना केळी दिली, त्यांनी घरचा केक दिला. वर्षभरातलं आमचं सगळ्यात लांब संभाषण त्या गाडीत झालं.

*

मी जरा वेगळं लिहितो. दर वीकेंडला पळायलाच पाहिजे असं एक प्रेशर असतं नवीन आलेल्यांवर, "युरोपात आहात आणि घरी बसता?" असं पुण्याहून मावशी विचारतात. आम्ही पहिले काही महिने तसंच केलं आणि भांडून भांडून बेजार झालो, कारण मला शुक्रवारी रात्री सोफा दिसत असतो आणि तिला आठवडाभर तोच सोफा बघून वीट आलेला असतो. दोघंही बरोबर, करणार काय!

कळस म्हणजे बर्लिन. राईश्टागच्या (संसद भवनाच्या) घुमटावर फुकट जाता येतं पण नावं आधी नोंदवावी लागतात, ओळखपत्र लागतं, वेळ ठरलेली असते, आणि त्या वेळेपायी मी तिला अर्ध्या जेवणातून उठवलं. वर गेलो ते अबोला धरूनच. तिथे ऑडिओ गाईड देतात, तो आपण उतारावरून चालू तसा आपोआप बोलायला लागतो. ती पुढे, मी मागे, दोघांच्या कानात तोच माणूस, फक्त थोड्या अंतराने. तिने डावीकडे बघितलं की मला कळायचं आता आपल्याला पण डावीकडे बघायला सांगणार. वरून खाली संसदेचं सभागृह दिसतं. ती थांबली, एका कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "ह्यांचं तरी शिस्तीत भांडण होत असेल."

आता एक वीकेंड तिचा, एक सोफ्याचा. लेखी ठरलंय.

*

छोटासा मुद्दा, पण उपयोगी. काही रिजनल गाड्या मधल्या स्टेशनला दुभागतात, पुढचे डबे एकीकडे, मागचे दुसरीकडे. चढताना डब्यावरच्या पाटीवर गाव वाचा. आम्ही दोघं चिप्स खात निवांत बसलो होतो, समोरच्या काकूंनी आमच्या फोनवरचा नकाशा बघितला आणि अक्षरशः हाताला धरून पुढच्या डब्यात नेलं. आणि डॉइचलांड-टिकेटचं सबस्क्रिप्शन बंद करायचं तर १० तारखेच्या आत करा, नाहीतर पुढचा महिना बोकांडी.

*

वीकेंड वीकेंड काय करताय सगळे! मी नर्स आहे, मानहाइमला. माझा शनिवार-रविवार वॉर्डात, सुट्टी कधी सोमवारी तर कधी बुधवारी. नवरा त्या दिवशी रजा टाकतो. सोमवारी बरीच म्युझियमं बंद असतात म्हणून आम्ही हायडेलबर्गचा किल्ला गाठला, तिकिटात डोंगरावर नेणारी रेल्वे धरून. तळघरात १७५१ चं लाकडी पिंप आहे, दोन लाख लिटरच्या वर वाईन मावेल असं, आणि त्याच्या डोक्यावर नाचायला जागा! नवरा म्हणे सोसायटीची टाकी पण एवढी नाही. मी नाईट करून आले होते, फिलॉसॉफनवेग म्हणून पायवाट आहे, तिथल्या बाकावर बसल्या बसल्या झोपले. त्याने उठवलं नाही. उठले तेव्हा अंगावर त्याचं जॅकेट आणि तो गारठून लाल झालेला. फोटो एकच आहे, त्यात पण मी झोपलेलीच.

*

धागाकर्ती (डॉर्टमुंडवाली): केवढं मस्त लिहिताय! ब्रेमेन पक्कं, सुट्टी नाणी आत्ताच बाजूला काढली. हँबुर्गवाल्या ताई, फिशमार्केटला थंडीत पण पाचलाच जायचं का? नवरा घाबरलाय.

*

थंडीत सातला सुरू होतं. टोपली घेणार असाल तर पिशव्या घरूनच न्या.